वरची खोली आणि बरो टेकडीची वाट

३ मार्च, गुरुवार

वरची खोली पाहुण्यांना द्यायचं ठरवलं आहे. हा निर्णय माझा स्वतःचा आहे, ओल्वेनचा त्यात काडीचा संबंध नाही. पहिल्याच पानावर हे लिहून ठेवते, कारण पुढेमागे ती गावभर भलतंच सांगत फिरेल.

झालं असं, की रविवारी ती नेहमीसारखी न विचारता आत आली, माझ्या किटलीतला चहा स्वतःच ओतून घेतला आणि म्हणाली, "मार्जरी प्राइस खोली भाड्यानं देतेय म्हणे पाहुण्यांना. तुलाही कुणीतरी सुचवेल. पण तू नको हं त्या भानगडीत पडू, डॉर्कस. तुला नाही झेपायचं."

मी म्हटलं, "का नाही झेपायचं?"

"अगं, पाहुण्यांशी बोलावं लागतं. कुठे फिरायला जावं, ते सांगावं लागतं. तू तर कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे पाऊल टाकत नाहीस."

नणंद असावी तर अशी. एकाहत्तर वर्षांची झाली, गावचं पोस्ट चालवते, दोन माणसांची पार्सलं एकमेकांना देते, आणि मला शिकवते! दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं. पर्सीचे कपडे एका पेटीत घातले. पेटी जिन्याखाली ठेवली आहे. तिचं काय करायचं ते नंतर बघू.

खुराड्यापलीकडे का जात नाही म्हणाल, तर माझा गुडघा दुखतो. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण डॉक्टर तरुण आहेत.

१२ मार्च, शनिवार

पोस्टाच्या खिडकीत चिठ्ठी लावली: 'खोली. भरपूर न्याहारी. टेकडीचं दृश्य.' ओल्वेननं ती गोळ्यांच्या बरण्यांमागे लावली आहे, म्हणजे गोळ्या घेणाऱ्या पोरांशिवाय कुणाला दिसू नये. हिचा खोडसाळपणा मी ओळखून आहे.

२६ मार्च, शनिवार

पहिले पाहुणे! बर्मिंगहॅमचे नेटलशिप नवरा-बायको. त्याचा बटणांचा कारखाना होता, आता निवृत्त आहे. ती गुबगुबीत आणि हसरी. न्याहारीला बेकन, अंडी, तळलेले टोमॅटो, डुकराच्या रक्ताचं ब्लॅक पुडिंग. त्यानं तीनदा घेतलं, तिनं त्याच्याकडे बघून दोनदा.

मग त्यानं विचारलं, "बाई, आज कुठे फिरायला जावं?"

मला काय, सगळं पाठ. पर्सी तीस वर्षं या भागातल्या रस्त्यांची आणि चरांची डागडुजी करायचा. कुठल्या कुंपणाला कुठे पायरी आहे, कुठल्या ओढ्यात फरशी कुठून ढिली आहे, सगळं रात्रीच्या जेवणाबरोबर मला ऐकवायचा. मी त्यांना सांगितलं: चर्चमागून वर, मोठा ओक आला की डावीकडे, कुंपणाची पायरी ओलांडून बरो टेकडीच्या माथ्यावर, पलीकडे उतरून जुन्या चॅपेलपाशी, आणि ओढ्याकाठानं परत. जास्तीत जास्त अडीच तास.

ते साडेपाच तासांनी आले. कंबरेपर्यंत चिखल.

"ओक कुठे आहे हो?" मिसेस नेटलशिप म्हणाल्या.

मी म्हटलं, "तीनशे वर्षांचा आहे. चुकूच शकत नाही."

"आम्ही एका टेलिफोनच्या खांबाला डावीकडे वळलो," नवरा म्हणाला. "तेवढ्या वयाचं दुसरं काही दिसलं नाही."

शहरातल्या माणसांना झाड कळत नाही. पण दोघं खूश होती. आंघोळीला गरम पाणी संपवून टाकलं. त्यांना या घराचा पत्ता कसा कळला, विचारलं, तर म्हणाले, चालणाऱ्यांच्या कुठल्याशा मंडळाच्या मासिकात छापून आलं आहे: 'घरमालकीणबाई वाटा स्वतः समजावून सांगतात.' मी असलं काही छापायला दिलेलं नाही. छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला असणार.

२ एप्रिल, शनिवार

ईस्टरसाठी मिस थोरा क्विल आली आहे. वनस्पतिशास्त्र शिकवते, उंच, काटकुळी, कपाळावर भिंग अडकवून फिरते. तिलाही तोच रस्ता सांगितला. हिला ओक ओळखता येईल, अशी खात्री होती.

परत आली ती थेट स्वयंपाकघरात. "मिसेस बेडोज, तिथे ओक नाही. ओकचं खोड आहे, आडवं."

मी किटली चुलीवर ठेवली.

"पण चॅपेल सापडलं. फार सुंदर जागा आहे. मागच्या बाजूला एका थडग्यावर ताजी प्रिमरोजची फुलं होती, मुरंब्याच्या बरणीत. बरणीवर निळ्या शाईनं 'डॅमसन' लिहिलेलं. पर्सी बेडोज असं नाव होतं दगडावर. तुमचे कुणी नातलग का?"

मी म्हटलं, "या बाजूला बेडोज पुष्कळ आहेत."

तिनं मला भिंगाशिवायच जरा निरखून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. समजूतदार आहे. कोण फुलं ठेवतं कुणास ठाऊक. चॅपेलचा कुणी माणूस असेल. डॅमसनचा, त्या आंबट जांभळ्या आलुबुखारांचा, मुरंबा मीच दरवर्षी अर्ध्या गावाला देते, आणि बरण्या काही कुणी परत करत नाही.

३ एप्रिल, ईस्टरचा रविवार

चर्चच्या दारात हंफ्री गॉफला गाठलं. ती टेकडीखालची शेतं त्याचीच. विचारलं, "ओकचं काय झालं?"

"पडला की. गेल्या वर्षी जानेवारीच्या वादळात. तुला माहीत नव्हतं?" टोपी हातात फिरवत म्हणाला. "कुंपणाची पायरीपण हलवली मी. पाणी साठायला लागलं तिथे."

सव्वा वर्ष! सगळ्या गावाला माहीत, मला नाही. ओल्वेनला म्हटलं, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी?"

कोकराचं मटण करपलं.

४ एप्रिल, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही.

६ एप्रिल, बुधवार

चुकीचा रस्ता सांगणं शोभत नाही, म्हणून केवळ ओकपर्यंत जाऊन आले. केवळ कामापुरतं. पर्सीचे गमबूट घातले, पुढे कागद कोंबून.

खोड घोड्याएवढं जाड आहे, आडवं पडलंय. मुळं उपटून पडलेल्या खड्ड्यात पाणी साठलंय आणि त्यात बेडकाची अंडी. पर्सीनं हे पाहिलं असतं तर आठवडाभर दुसरं बोलला नसता. नवी पायरी तीस पावलं वर आहे, चांगली भक्कम. वहीत टिपून घेतलं.

परत येताना ओल्वेन दिसली, गोठ्याच्या वळणावर. बुधवारी दुपारी पोस्ट बंद असतं, तेव्हा ती लडलोला पायाच्या डॉक्टरकडे जाते. गेली दीड वर्षं जाते. आज नेमकी बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"लडलोचे रस्ते इतके वाईट कधीपासून झाले?" मी विचारलं.

"आणि तू इथे कशी?" तिनं उलट मलाच विचारलं. "गुडघा काय म्हणतोय?"

"बरा आहे."

"हं," म्हणाली आणि गेली. बुधवारी बसही नसते. कुणाच्या गाडीतून जात असेल. त्याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही.

२३ एप्रिल, शनिवार

दिवस पुरत नाहीत. पंधरा दिवसांत सात पाहुणे. एका पाहुणीला अंडं दोन्ही बाजूंनी भाजलेलं लागतं. एक शिंप्याचं जोडपं होतं, ते दोघं एकमेकांशी फक्त कुत्र्याच्या मार्फत बोलायचे. "सांग तिला, मीठ दे म्हणावं."

मी आता दर सकाळी न्याहारीनंतर निघते. ओढ्याची वाट पाहिली, रानातली पाहिली. रानात ब्लूबेल उमलायला लागली आहेत, जमीन निळी होईल आठवडाभरात. माथ्यावरच्या उभ्या दगडापर्यंत रोज जाऊन येते. तिथून पलीकडची सगळी दरी दिसते, वेल्सच्या डोंगरांपर्यंत. चॅपेलचं छप्परही दिसतं, नखाएवढं.

दगडाच्या पुढे गेलं की गुडघा दुखायला लागतो. पुढची वाट पाहुणे सांगतात ती ऐकते आणि टिपून घेते. तेवढं पुरेसं आहे.

ओल्वेन म्हणाली, "तुझ्या गालांना रंग आलाय. दारू प्यायला लागलीस का?"

१० मे, मंगळवार

अँब्रोज टॅन्सली नावाचे गृहस्थ आले आहेत, चेल्टनमचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर पियानोचे सूर जुळवत फिरले. कान तेज, डोळे अधू. माझ्या बैठकीतला पियानो दोन बोटांनी वाजवून म्हणाले, "बाई, याला कुणी मारहाण केली का?" मग रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याच्या पोटात डोकं घालून बसले. पैसे घेत नाहीत. पुडिंग दोनदा घेतलं.

उद्या चॅपेलला जाणार म्हणतात. मी म्हटलं, ओढ्याची वाट सोपी आहे. ते म्हणाले, "नाही नाही, पोस्टातल्या बाईंनी बजावलंय, टेकडीवरूनच जा, आणि परत आलात की घरमालकीणबाईंना सगळं नीट सांगा, एकूण एक."

हिला काय पडलंय!

१२ मे, गुरुवार

कालची हकीकत आज लिहिते आहे.

टॅन्सली साहेब अकराला निघाले. अडीचच्या सुमारास धुकं उतरलं, असं की चर्चचा मनोरा अर्ध्यात कापल्यासारखा. चारला चहाला येतो म्हणाले होते. साडेचार झाले. मी दारात उभी. केकवरचा रुमाल चारदा काढला आणि चारदा घातला.

आंधळ्यासारखा म्हातारा माणूस, आणि मी त्याला डोंगरावर जाऊ दिलं.

पोस्टावर गेले. दाराला कुलूप, खिडकीत ओल्वेनची मांजर, चिमणीतून धूर नाही. गॉफकडे गेले. हंफ्री गुरांच्या बाजाराला गेलेला. त्याची बायको म्हणाली, "आला की ट्रॅक्टर घेऊन लगेच पाठवते. तू थांब, डॉर्कस."

मी थांबले नाही. घरातून केकचा पत्र्याचा ट्रे आणि डाव घेतला, आवाज करायला, आणि निघाले. ओकच्या खोडापर्यंत दिसत होतं. नव्या पायरीपासून पुढे काही नाही, फक्त पांढरं आणि मेंढ्यांचं खोकणं. मेंढ्या अगदी म्हाताऱ्या माणसांसारख्या खोकतात. दोनदा मी "टॅन्सली साहेब!" म्हणून मेंढीपाशी धावले.

दगडापाशी पोचले. हात लावून उभी राहिले. ट्रे बडवला. उत्तर नाही.

तिथे मी किती वेळ उभी होते, ते सांगता येणार नाही. पुढची उतरण मला डोळे मिटूनही पाठ आहे. पर्सीची शवपेटी तिथूनच खाली नेली होती सहा जणांनी, कारण त्याच्या घरच्यांना पिढ्यान्‌पिढ्या चॅपेलमागेच पुरतात, आणि गाडीचा रस्ता तो गेला त्या नोव्हेंबरात वाहून गेला होता. मी मागून चालले होते. मग परत आले, आणि पुन्हा गेले नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलंही नाही, किंवा विचारलं असेल तर मी कोंबड्यांचं काहीतरी बोलले असेन.

धुक्यात एक फायदा असतो, पुढचं काही दिसत नाही. डाव्या हातानं दगडी भिंत धरली आणि उतरत गेले. गुडघा अजिबात दुखला नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

अर्ध्यावर गाणं ऐकू आलं. भजनच होतं, पुरुषाचा आवाज अगदी सुरात, आणि त्याच्याबरोबर एक बाईचा आवाज अजिबात सुरात नाही. तो बेसूर मी चाळीस वर्षं ओळखते.

मी ट्रेवर जोरात डाव मारला. गाणं थांबलं.

"डॉर्कस, ते बडवणं बंद कर!" ओल्वेन ओरडली. "इथले सगळे उठतील!"

चॅपेलच्या देवडीत बाकावर दोघं बसलेली. टॅन्सली साहेबांनी स्वतःचा कोट ओल्वेनच्या पायांवर घातलेला, आणि मधे थर्मास. ओल्वेनचा घोटा भोपळ्याएवढा सुजलेला.

"बाई, मी चारला पोचू शकलो नाही, माफ करा," टॅन्सली साहेब उठून म्हणाले. "या बाई ओल्या गवतावरून घसरल्या. त्यांना सोडून येणं बरं दिसलं नसतं. शिवाय यांना तिसरा स्वर सापडत नाही, तो शोधत होतो."

मी ओल्वेनला म्हटलं, "तू लडलोला असतेस बुधवारी! पायाच्या डॉक्टरकडे!"

"मग पायाचंच तर झालंय ना," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. मग रडू. मग पुन्हा हसू, कारण टॅन्सली साहेब घाईघाईनं आपला रुमाल चुकून ओल्वेनच्या हातात देत होते.

"दीड वर्ष," मी म्हटलं, "दीड वर्ष तू या हाडांनी ही टेकडी चढतेस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, कोंबड्यांना दाणे घालायचेत." तिनं मान दुसरीकडे फिरवली. "भाऊ होता माझा. कुणीतरी यायलाच हवं होतं. पण दर वेळी एकटीनं बसायचा कंटाळा आला, खरं सांगू? बोलायला कुणी नाही. तो तर जिवंत असतानाही फार बोलायचा नाही."

"माझ्याशी बोलायचा," मी म्हटलं. "चरांबद्दल."

"मग जा ना, ऐक जरा."

मी चॅपेलच्या मागे गेले. धुक्यात दगड जवळ आला तेव्हाच दिसला. बरणीत काउस्लिपची फुलं होती, पिवळी, अगदी ताजी. बरणीवरची शाई माझ्याच हातची.

तिथे काय झालं ते मी लिहिणार नाही.

हंफ्री ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा धुकं वर सरकायला लागलं होतं. ओल्वेनला मागच्या गाडीत मेंढ्यांच्या चाऱ्यावर बसवलं. सगळा रस्ता ती त्याला खड्डे चुकवायला सांगत होती आणि तो एकूण एक खड्ड्यातून नेत होता. टॅन्सली साहेब म्हणाले, चेल्टनममध्ये अशी संध्याकाळ त्यांना कधी मिळाली नाही.

१८ मे, बुधवार

डॉक्टरांनी ओल्वेनला महिनाभर पाय टेकवायचा नाही असं सांगितलंय. पोस्टात खुर्चीवर बसून ती शिक्के मारते आणि माणसांना हुकूम सोडते. मी रोज दुपारी तिचं जेवण नेते. आज म्हणाली, "आज बुधवार, आणि कुणी गेलं नाही वर." मी म्हटलं, "पाऊस आहे." ती म्हणाली, "मी काही बोलले का?"

जिन्याखालची पेटी उघडली. त्याचे स्वेटर हंफ्रीला दिले, दोन मिस्टर नेटलशिपना पाठवले, ते पुन्हा येणार आहेत. एक मी ठेवून घेतला. गरम आहे.

टॅन्सली साहेबांचं पत्र आलं. पियानो महिन्यानं पुन्हा तपासावा लागेल म्हणतात, आणि ओल्वेनच्या तिसऱ्या स्वराची चौकशी केली आहे. पियानो बरा वाजतोय, मला तरी काही बिघाड जाणवत नाही. एवढ्या लांबून पियानोसाठी येणं म्हणजे फार कर्तव्यदक्ष माणूस.

१ जून, बुधवार

घर भरलेलं, तरी गेले. पाहुण्यांसाठी स्वयंपाकघरात चिठ्ठी ठेवली: 'केक कपाटात, चहा आपापला.'

निघताना ओल्वेननं पोस्टाच्या खिडकीतून हाक मारली, "माझी फर्गेट-मी-नॉटची रोपं लावलीत डाव्या बाजूला, ती गवत समजून उपटू नकोस!"

ऊन होतं, टेकडीवर चंडोल इतक्या उंच की फक्त आवाज. माथ्यावर थांबले नाही.

चॅपेलमागे बसून अंड्याचं सँडविच खाल्लं. पर्सीला ओकचं सांगितलं, बेडकांचं सांगितलं, बरो टेकडीवरच्या त्याच्या चरांकडे आता कुणी लक्ष देत नाही हे सांगितलं. बोलता बोलता मोठ्यानं बोलायला लागले असणार, कारण मागून कुणीतरी खोकलं. मेंढी नव्हती. एक तरुण जोडपं, पाठीवर पिशव्या, उन्हानं लाल झालेलं.

मुलगी म्हणाली, "माफ करा हं. हे तुमचे कोण?"

"माझा नवरा," मी म्हटलं. "बसा ना. सँडविच खा. जास्तीची केली आहेत."

बसली दोघं. पर्सी काय करायचा ते विचारलं, मी सांगितलं, पाऊण तास. मुलगा म्हणाला, आजची रात्र कुठे काढावी कळत नाही, खाली गावात कुठे खोली मिळेल का?

म्हटलं, "माझ्याकडे नाही, भरलंय. पण सरळ उतरा आणि पोस्टात जा. तिथे एक बाई खुर्चीत बसलेली असेल, पायाला पट्टी. तिच्या मागच्या खोलीत पलंग आहे, त्यावर पार्सलं असतात. तिला सांगा, डॉर्कसनं पाठवलंय, पार्सलं जमिनीवर ठेव, चादरी मी आल्यावर घालते."

"त्या चालवून घेतील?"

"आधी ओरडेल. तुम्ही लक्ष देऊ नका."

ती दोघं गेली. मी आणखी थोडा वेळ बसले. गवत उपटलं, डावीकडचं सोडून.

सातला पोस्टात पोचले. ओल्वेन एका पायावर चुलीपाशी उभी, कढईत सॉसेज, ती मुलगी बटाटे सोलतेय आणि मुलगा पार्सलांवरचे पत्ते मोठ्यानं वाचून दाखवतोय. ओल्वेननं मान वळवूनही पाहिलं नाही.

"किती गं वेळ लावलास," ती म्हणाली. "तो काय पळून चालला होता? हात धू आधी, आणि ताटं काढ. पाच."

"पाच कशाला? चार माणसं आहोत."

"हंफ्रीला बोलावलंय. पुढच्या बुधवारी तो मला गाडीत घालून वर नेणार आहे. आपल्या दोघींना." मग सॉसेज उलटत म्हणाली, "तुला चालणार असेल तर."

मी पाच ताटं काढली.